सर्किट बोर्ड कारखान्याचं सांडपाणी: जिवाणूंवर काय सोपवायचं आणि काय नाही

जिवाणू तांबं खात नाहीत. जैविक पद्धतीचा ईटीपी (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प) आखणाऱ्याने हे सगळ्यात आधी डोक्यात पक्कं करावं. स्ट्रिपरमधला (बोर्डावरची फिल्म काढणाऱ्या रसायनातला) मोनोइथॅनॉलअमाइन, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), सोल्डरिंगच्या फ्लक्सचे अवशेष, अमोनिया यांचं जिवाणू खरंच विघटन करतात. हा माल कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि नायट्रोजन वायू होऊन निघून जातो. धातूला मात्र जाण्यासाठी वाट नाही. तो विरघळलेल्या रूपातून घन रूपात येतो आणि गाळात, खडीत किंवा मुळांभोवती जाऊन बसतो. त्यामुळे धातू कुठे अडवायचा, हे तुम्हीच आधी ठरवायला हवं. नाहीतर तो स्वतःची जागा शोधतो, आणि ती बहुधा हवा टाकीच (जिवाणूंना हवा फुंकून वाढवायची टाकी) असते.

पुढची सगळी आकडेमोड दिवसाला ५० घनमीटर पाण्यासाठी आहे: २० घ.मी. धातूचं रिन्स पाणी (बोर्ड खंगाळलेलं) आणि ३० घ.मी. सेंद्रिय पाणी. तुमचा प्रवाह वेगळा असेल तर त्याच प्रमाणात आकडे बदला. सीओडी (पाण्यातला सेंद्रिय भार, तो ऑक्सिडाइज करायला लागणाऱ्या ऑक्सिजनमध्ये मोजलेला), अमोनिया, तांबं, निकेल आणि सल्फेट मात्र स्वतः मोजून घ्या. दुसऱ्या कारखान्याचे आकडे इथे चालत नाहीत, कारण एचिंगचं (नको असलेलं तांबं विरघळवून काढायचं) रसायन बदललं की पाणी बदलतं.

पाइप वेगळे करा

सगळी पाणी एका गटारात सोडून शेवटी एकच मोठा प्लांट लावला, तर तो चालत नाही. ईडीटीए (धातूला घट्ट धरून विरघळलेला ठेवणारं रसायन) एका लाइनमधून येतो, तांबं दुसरीतून. गटारात दोघांची गाठ पडली की तांबं ईडीटीएला चिकटतं, मग चुना कितीही टाका, ते खाली बसत नाही. ईडीटीएचं जैविक विघटन फार हळू होतं, त्यामुळे ते प्लांटमधून आरपार जातं आणि जाताना धातूही सोबत नेतं.

किमान इतक्या लाइन वेगळ्या ठेवा:

- साधं धातूचं रिन्स पाणी: एचिंग, मायक्रोएच आणि ॲसिड कॉपरनंतरचं.
- ईडीटीए किंवा अमोनिया असलेलं तांब्याचं पाणी: इलेक्ट्रोलेस कॉपर आणि अमोनियाच्या एचंटनंतरचं.
- डेव्हलपर आणि स्ट्रिपरचं पाणी: सीओडी भरपूर, पीएच ११ च्या वर.
- सोन्याच्या प्लेटिंगचं सायनाइडचं पाणी. ही लाइन ॲसिडच्या लाइनजवळूनसुद्धा नेऊ नका. दोन्ही मिसळली तर हायड्रोजन सायनाइड वायू तयार होतो. सायनाइड आधी पीएच १०.५ च्या वर क्लोरीनने फोडायचं, आणि उरलेला क्लोरीन मारल्याशिवाय पाणी पुढे सोडायचं नाही.
- फ्लोराइड असेल तर तेही वेगळं. त्यावर जैविक उपाय नाही. १ ग्रॅम फ्लोराइडला किमान १.०५ ग्रॅम कॅल्शियम लागतं, प्रत्यक्षात जास्तच.

बाथ (रसायनाची टाकी) पूर्ण बदलताना जो घट्ट द्रव निघतो, तो यापैकी कुठल्याही लाइनमध्ये जाता कामा नये. तो ड्रममध्ये भरा. मग रिकव्हरीला पाठवा, नाहीतर थेंबाथेंबाने मिसळा. एचंटमध्ये लिटरला शंभर ग्रॅमच्या वर तांबं असू शकतं. त्याचं एक बादलीभर पाणी महिन्याभरात वाढवलेले जिवाणू एका शिफ्टमध्ये संपवतं.

टाकीत सोडण्याआधी

धातूच्या रिन्समध्ये पर्सल्फेट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड येतात. ही दोन्ही जंतुनाशकंच समजा. १ ग्रॅम पेरॉक्साइडला २.८ ग्रॅम सोडियम मेटाबायसल्फाइट लागतं. काम झालं की नाही हे बघायला पोटॅशियम आयोडाइड-स्टार्चचा कागद पुरतो: थेंब टाकल्यावर निळाजांभळा झाला तर ऑक्सिडायझर अजून शिल्लक आहे, पांढराच राहिला तर संपला. गंधकाचा झणझणीत वास आला तर मेटाबायसल्फाइट जास्त पडलंय. पेरॉक्साइड शिल्लक असताना केलेली सीओडी टेस्ट फुगलेली येते, म्हणून कागदाची तपासणी आधी करा.

यानंतर पीएच वाढवून तांबं बसवायचं. एकटं तांबं असेल तर ८.८ ते ९.२, निकेलही असेल तर साधारण १०. ईडीटीएच्या पाण्याला ही सोपी वाट नाही. त्याचा पीएच आधी २.५ ते ३ वर आणा, फेरस सल्फेट टाकून अर्धा तास ढवळा, मग चुन्याने ९ वर न्या. वजनाने तांब्याच्या ३ ते ५ पट लोह, इथून जार टेस्ट (छोट्या भांड्यांत डोस बदलून बघायची चाचणी) सुरू करा. फेरस सल्फेटच्या हिरव्या खड्यांत लोह २० टक्केच असतं, हे हिशेबात धरायला लोक हमखास विसरतात. पीएच वर न्यायला कॉस्टिकपेक्षा चुना बरा, कारण त्यातलं कॅल्शियम ईडीटीएला पकडून ठेवायला मदत करतं.

डेव्हलपर-स्ट्रिपरच्या पाण्यात ड्राय फिल्म (बोर्डावर नक्षी उमटवायचा प्लास्टिकसारखा थर) विरघळलेली असते. ॲसिडने पीएच ३ च्या खाली नेला की ती दह्यासारखी फाटून चिकट निळ्या-हिरव्या गोळ्यांत वर येते. इथे ढवळणं मंद हवं. जोरात ढवळलं तर गोळ्यांचं पीठ होतं आणि ते ना वर येतं ना खाली बसतं. तरंगलेला गोळा त्याच दिवशी काढा. रात्रभर राहिला तर तो पंपाच्या इंपेलरला डिंकासारखा चिकटतो, मग पंप खोलून खरवडण्यावाचून पर्याय नसतो. फिल्म काढल्यावर पीएच ७ ते ७.५ करून पाणी इक्वलायझेशन टाकीत (आवकेचे चढउतार सारखे करणारी साठवण टाकी) सोडा.

हवा टाकीत जाणाऱ्या पाण्यात विरघळलेलं तांबं ०.५ मि.ग्रॅ./लि.च्या खाली हवं. अमोनिया काढायचा असेल तर ०.२५ च्या खाली, आणि निकेलही तितकंच. सीओडी खाणारे जिवाणू १ मि.ग्रॅ. तांबं कसंबसं सोसतात, नायट्रिफायर (अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू) सोसत नाहीत.

उरलेल्या धातूसाठी गंधकाचा वाफा

चुन्याने बसवलेल्या पाण्यात २-३ मि.ग्रॅ./लि. धातू राहतोच, ईडीटीएच्या लाइनमध्ये त्याहून जास्त. इथे मात्र निसर्ग खरोखर उपयोगी पडतो. सल्फेट-क्षपक जिवाणू ऑक्सिजन नसलेल्या जागी सेंद्रिय पदार्थ खातात आणि सल्फेटपासून सल्फाइड तयार करतात. तांब्याचं सल्फाइड इतकं अविद्राव्य आहे की ते ईडीटीएच्या मिठीतून तांबं ओढून काढतं. निकेलच्या बाबतीत तितका भरवसा नको. सर्किट बोर्डाच्या पाण्यात सल्फ्युरिक ॲसिडमुळे सल्फेट आयतंच भरपूर असतं, वेगळं टाकावं लागत नाही.

हे जिवाणू लाकूड, शेणखत आणि चुनखडी भरलेल्या वाफ्यात वाढवायचे आणि धातूचं पाणी त्यातून सोडायचं. हिशेब असा. येणाऱ्या पाण्यात तांबं ३ आणि निकेल २ मि.ग्रॅ./लि. असेल, तर घनमीटरला ०.०८ मोल धातू. २० घ.मी. पाण्यात दिवसाला १.६ मोल. अशा वाफ्यात प्रति घनमीटर दिवसाला ०.३ मोल धरतात. म्हणजे साडेपाच घनमीटरचा वाफा पुरेल असं वाटतं. तसा बांधला तर तो फसतो. पाणी आत किमान ३ दिवस राहायला हवं आणि वाफ्यातली पोकळी जेमतेम ४० टक्के असते. म्हणून २० × ३ ÷ ०.४, म्हणजे १५० घनमीटर. खोली १ मीटर धरली तर १५० चौरस मीटर जागा.

भरणाचं मिश्रण, आकारमानाने: लाकडाचे तुकडे ७५ घ.मी., १०-२० मि.मी.ची चुनखडी ४५, कुजलेलं शेणखत १५, पेंढा १५. शेणखत जिवाणूंचं बियाणं आणि पहिल्या महिन्यांचं खाणं पुरवतं. लाकूड हळूहळू कुजत राहतं आणि खाण्याचा पुरवठा पुढे चालू ठेवतं. नुसत्या शेणखताचा वाफा भरला तर पहिले तीन महिने तो झकास चालतो, मग दबून बसतो आणि पाणी अडतं. तळाशी ३० सें.मी. जाड गोल खडी, तिच्यात भोकं पाडलेले पाइप, त्याखाली १.५ मि.मी.चं एचडीपीई अस्तर. पाणी वरून खाली जाऊ द्या आणि भरणावर कायम २० सें.मी. पाणी उभं ठेवा, म्हणजे हवा आत शिरत नाही.

सुरुवातीला वाफा पाण्याने भरा आणि तीन आठवडे तसाच सोडून द्या. निघणाऱ्या नळावर ओआरपी (ऑक्सिडेशन-क्षपणाची पातळी) मोजत राहा. तो उणे २०० मिलीव्होल्टच्या खाली गेला आणि सडक्या अंड्याचा वास यायला लागला की जिवाणू कामाला लागले. मग चौथा हिस्सा प्रवाह सोडा आणि महिनाभरात पूर्ण करा. पहिले काही आठवडे चहाच्या रंगाचं, बीओडी (जिवाणूंना खाता येणारा सेंद्रिय भार) आणि फॉस्फरस असलेलं पाणी निघतं. ते थेट बाहेर न सोडता इक्वलायझेशन टाकीत घ्या.

वाफ्यात जाणारं पाणी पीएच ७ ते ८, गाळलेलं आणि ऑक्सिडायझर नसलेलं हवं. नायट्रिक ॲसिडची लाइन यात मुळीच नको. नायट्रेट मिळालं की जिवाणू सल्फेटकडे ढुंकूनही बघत नाहीत. वाळूचा फिल्टर वाचवायला जाल तर हायड्रॉक्साइडचा मऊ गाळ वरच्या १० सें.मी. थरात साचतो आणि वर्षभरात वाफा तुंबतो.

आणि वासाबद्दल. हायड्रोजन सल्फाइड १०० पीपीएमच्या आसपास गेला की नाक बधिर होतं आणि वास येणं थांबतं. वास गेला म्हणजे वायू गेला असं नाही. चेंबरमध्ये उतरण्याआधी मीटरने मोजा आणि एकट्याने उतरू नका.

टाकीचा हिशेब

आता दोन्ही प्रवाह इक्वलायझेशन टाकीत एकत्र येतात. टाकी किमान ५० घ.मी., म्हणजे एक दिवसाची हवी. इथे कंजूषी केली तर पुढचं सगळं बिघडतं, कारण कारखान्याचं पाणी शिफ्टप्रमाणे येतं आणि जिवाणूंना शिफ्ट कळत नाही.

समजा मिश्र पाण्याची सीओडी ७००, बीओडी ३५० आणि नायट्रोजन ५० मि.ग्रॅ./लि. आहे. म्हणजे दिवसाला १७.५ किलो बीओडी आणि २.५ किलो नायट्रोजन. नायट्रोजनमधला काही भाग जिवाणू स्वतःच्या वाढीला वापरतात, ऑक्सिडाइज करायला उरतो साधारण २ किलो, म्हणजे ४० मि.ग्रॅ./लि.

रचना अशी: पुढे २५ घ.मी.ची अॅनॉक्सिक टाकी, तिच्यात हवा नाही, फक्त मंद ढवळणी. मागे ७५ घ.मी.ची हवा टाकी. मग निवळण टाकी. हवा टाकीत अमोनियाचं नायट्रेट होतं. ते पाणी प्रवाहाच्या तिप्पट वेगाने पंपाने पुढे अॅनॉक्सिक टाकीत फिरवायचं. तिथे जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरून नवीन आलेली सीओडी खातात आणि नायट्रोजन वायू उडून जातो. तिप्पट अंतर्गत फेरा आणि एकपट परतीचा गाळ (निवळण टाकीच्या तळातून परत आणलेला) धरून जास्तीत जास्त ८० टक्के नायट्रेट जातं. हा फेरा पाचपट केला तर नायट्रेट थोडं अजून कमी होईल, पण पंपासोबत हवाही पुढच्या टाकीत येते आणि डिनायट्रिफिकेशन (नायट्रेटचा नायट्रोजन वायू होणं) बिघडतं.

एमएलएसएस (टाकीत तरंगणारा गाळ) ३,००० मि.ग्रॅ./लि., गाळाचं वय (गाळ टाकीत राहण्याचा सरासरी काळ) १५ दिवसांच्या वर. त्याहून कमी वयाला सावकाश वाढणारे नायट्रिफायर गाळासोबत वाहून जातात.

हवा: बीओडीसाठी सुमारे २१ किलो ऑक्सिजन, नायट्रिफिकेशनसाठी २ × ४.५७ म्हणजे ९ किलो, डिनायट्रिफिकेशनमध्ये ४ किलो परत मिळतो. निव्वळ २६ किलो. एका घनमीटर हवेत ०.२८ किलो ऑक्सिजन असतो. त्यातला बारीक बुडबुड्यांच्या डिफ्यूझरने १० टक्के पाण्यात उतरला असं धरलं, तर तासाला ३९ घ.मी. हवा लागते. दिवसभरातले चढउतार धरून ८० घ.मी.चा ब्लोअर घ्या, आणि दुसरा तसाच राखीव. डीओ (विरघळलेला ऑक्सिजन) २ मि.ग्रॅ./लि. ठेवा. ४ वर नेण्यात वीज जाते आणि वर अॅनॉक्सिक टाकीचं नुकसान होतं.

अल्कलिनिटी (पाण्याची ॲसिड पचवण्याची ताकद) हा असा भाग आहे की आखणी करणारे तो सोडून देतात आणि ऑपरेटर महिनोन्महिने भोगतो. १ मि.ग्रॅ. अमोनिया-नायट्रोजनला ७.१४ मि.ग्रॅ. अल्कलिनिटी खर्च होते, आणि डिनायट्रिफिकेशनमध्ये ३.५७ परत मिळते. ४० मि.ग्रॅ. ऑक्सिडाइज केलं आणि ३० काढलं, तर २८६ वजा १०७, म्हणजे १७९ लागतात. शेवटी ८० शिल्लक हवी, म्हणून येणाऱ्या पाण्यात २६० हवी. समजा १२० आहे. तूट १४० मि.ग्रॅ./लि., दिवसाला ७ किलो. सोडियम बायकार्बोनेटमध्ये मोजली तर ती ७ × १.६८, म्हणजे जवळजवळ १२ किलो. कॉस्टिकनेही पीएच चढतो, पण डोसिंग पंप जरा चुकला की सकाळी पीएच ९.५ सापडतो आणि अमोनिया वायुरूपात येऊन नायट्राइट खाणाऱ्या जिवाणूंना मारतो. बायकार्बोनेट चुकून दुप्पट पडलं तरी पीएच ८.३ च्या वर फारसा जात नाही.

फॉस्फरस या पाण्यात जवळपास नसतोच. बीओडीच्या १०० भागांना १ भाग, म्हणजे दिवसाला १७५ ग्रॅम. ८५ टक्के फॉस्फोरिक ॲसिडमध्ये २७ टक्के फॉस्फरस असतो, म्हणून ६५० ग्रॅम ॲसिड. डीएपी टाकू नका, नायट्रोजन काढायलाच प्लांट बांधलाय. गंधकाचा वाफा नवा असताना शेणखतातून फॉस्फरस येतो, तेवढे आठवडे डोस अर्धा.

निवळण टाकी ५ चौ.मी. आणि ३ मीटर खोल. परतीचा गाळ सतत चालू.

आधी बाटलीत बघा

नवं रसायन लाइनमध्ये येणार असेल, स्ट्रिपरचा ब्रँड बदलला असेल, तर टाकीत सोडण्याआधी हा तासाभराचा प्रयोग करा. चार बीओडीच्या बाटल्या घ्या, ३०० मि.लि.च्या. प्रत्येकीत हवा टाकीचा १५० मि.लि. गाळ. पहिलीत १५० मि.लि. साधं क्लोरीनविरहित पाणी. बाकीच्यांत नवं सांडपाणी ३०, ७५ आणि १५० मि.लि., वर साधं पाणी घालून भरा. सगळ्यांत थोडं सोडियम ॲसिटेट टाका, लिटरला ३०० मि.ग्रॅ. होईल इतकं, म्हणजे खाणं कुठेच कमी पडत नाही. हवा फुंकून डीओ ६-७ वर न्या, प्रोब बसवून तोंड बंद करा, ढवळत ठेवा, दर ३० सेकंदाला आकडा लिहा. दहा मिनिटांत उतार दिसतो.

साध्या पाण्याच्या बाटलीत डीओ ज्या वेगाने पडतो त्याच्या ८० टक्क्यांखाली सांडपाण्याच्या बाटलीचा वेग आला, तर त्या प्रमाणाला विषारीपणा आहे. नायट्रिफायर तपासायचे असतील तर ॲसिटेट नको, लिटरला ५० मि.ग्रॅ. नायट्रोजन होईल इतकं अमोनियम क्लोराइड टाका. नुसत्या ॲसिटेटच्या चाचणीत सुरक्षित दिसलेला नमुना नायट्रिफायरच्या चाचणीत नापास होऊ शकतो, म्हणून दोन्ही करा.

बियाणं आणि सुरुवात

पाकिटातल्या पावडरपेक्षा गावच्या सांडपाणी केंद्राचा ताजा परतीचा गाळ बरा. १०० घ.मी. टाकीत २,००० मि.ग्रॅ./लि. सुरुवात हवी, म्हणजे २०० किलो सुका गाळ. १ टक्का घट्ट गाळाचे २० घ.मी. टँकर आणा आणि त्याच दिवशी हवा सुरू करा, गाळ दुसऱ्या दिवसापर्यंत तसाच ठेवला तर सडतो. शक्य असेल तर नायट्रिफिकेशन करणाऱ्या केंद्राचाच गाळ मागा, महिना वाचतो.

पहिल्या आठवड्यात १० टक्के सांडपाणी, बाकी मळीचं खाणं. मग दर चार-पाच दिवसांनी १० टक्के वाढवा. सीओडी दोन आठवड्यांत उतरायला लागते. अमोनिया तीन-चार आठवडे हलत नाही, मग आधी नायट्राइट वर चढतं, ते पडलं की नायट्रेट येतं. नायट्राइट चढलेलं असताना लोड वाढवू नका, थांबा. ऑपरेटर इथेच घाई करतात.

सेमीकंडक्टर किंवा डिस्प्लेचं पाणी असेल तर

तिथे डेव्हलपर सोडियम कार्बोनेटचा नसून टीएमएएचचा (टेट्रामिथाइल अमोनियम हायड्रॉक्साइडचा) असतो. २.३८ टक्क्यांच्या डेव्हलपरमध्ये लिटरला २३.८ ग्रॅम टीएमएएच आणि त्यात ३.७ ग्रॅम नायट्रोजन. हे हवा टाकीत सोडण्यापेक्षा आधी हवाविरहित रिॲक्टरमध्ये घ्या. मिथेन बनवणारे जिवाणू त्याचे चारही मिथाइल गट काढून मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि अमोनिया बनवतात. अमोनिया मग वरच्याच पद्धतीने. सुरुवात मात्र फार विरळ पाण्यापासून करा, जिवाणूंना ते ओळखायला महिने लागतात. माशासारखा वास आला तर विघटन अर्धवट होऊन ट्रायमिथाइलअमाइन साचतंय, लोड कमी करा. हाताळताना: टीएमएएच कातडीतून शरीरात जातं आणि श्वास बंद पाडू शकतं. अंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि थेट दवाखाना.

पाणथळ वाफा, शेवटचा हात

निवळलेल्या पाण्यात २०-२५ बीओडी आणि थोडे तरंगणारे कण उरतात. त्यासाठी खडीचा आडव्या प्रवाहाचा वाफा लावा. बीओडी २५ वरून १० वर आणायला प्रवाह गुणिले (२५ ÷ १०) चा नैसर्गिक लॉग भागिले ०.१ मीटर/दिवस: ५० × ०.९२ ÷ ०.१, म्हणजे सुमारे ४६० चौ.मी. दोन वाफे करा, प्रत्येकी १६ मीटर रुंद आणि १४.५ मीटर लांब. रुंदी लांबीपेक्षा जास्त, हे चुकून लिहिलेलं नाही. लांब-अरुंद वाफ्यात पाणी खडीतून पुढे सरकायला जागाच मिळत नाही आणि ते वरून वाहतं. खोली ६० सें.मी., खडी १०-२० मि.मी. धुतलेली, तोंडाशी आणि शेवटाशी अर्धा मीटर ४०-८० मि.मी.ची, तळाला १ टक्का उतार. पाणी खडीच्या ५ सें.मी. खाली राहील असा बाहेरचा पाइप वर-खाली करता येईल असा बसवा.

झाडं चौरस मीटरला चार: नळ, पाणकणीस किंवा वाळा. कर्दळ दिसायला छान, पण मूळ उथळ. लागवडीनंतर तीन महिन्यांनी पाणी हळूहळू २०-३० सें.मी. खाली उतरवा, मुळं पाण्यामागे खाली जातात. मग पातळी परत वर.

धातू झाडं शोषून घेतात हा गैरसमज आहे. मुख्य काम खडीवरचे जिवाणू आणि गाळ करतात, झाडांच्या खोडापानांत धातूचा फार थोडा भाग जातो. जलपर्णी खरंच धातू उचलते, पण तिच्यात ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. दर आठवड्याला ओला धोकादायक कचरा टनांनी काढायची तयारी असेल तरच तिच्या नादी लागा. कापलेलं कुठलंही गवत जनावरांना घालू नका.

काय बिघडतं

*पीएच स्थिर, सीओडी ठीक, अमोनिया अचानक येणाऱ्या पाण्याइतका.* नायट्रिफायर मेले किंवा गप्प झाले. बहुधा आदल्या दिवशी कुणीतरी बाथ गटारात ओतला. विरघळलेलं तांबं आणि आयोडाइड कागद आधी तपासा. आवक निम्मी करा, आणि गावच्या सांडपाणी केंद्राकडून पुन्हा ५ घ.मी. गाळ आणा. स्वतःहून उभे राहायला तीन आठवडे लागतात.

*अमोनिया चढतोय आणि पीएच हळूहळू ६.५ च्या खाली जातोय.* हे विष नाही, अल्कलिनिटी संपलीय. बायकार्बोनेट.

*निवळण टाकीत गाळाचे ढेकूळ बुडबुड्यांसह वर येतात.* गाळ तळाशी फार वेळ बसलाय आणि तिथेच डिनायट्रिफिकेशन सुरू झालंय. परतीचा पंप वाढवा. एका लिटरच्या सिलिंडरमध्ये गाळ ठेवून बघा: अर्ध्या तासात छान खाली बसला आणि दोन तासांत अख्खा थर वर आला, तर निदान पक्कं.

*गाळ बसतच नाही.* एक लिटरच्या सिलिंडरमध्ये ३० मिनिटांनंतर बसलेल्या गाळाचे मि.लि. गुणिले १,००० भागिले एमएलएसएस. उत्तर ८० ते १५० चांगलं, २०० च्या वर तंतुमय जिवाणू वाढलेत. इथे कारण बहुधा फॉस्फरसची कमतरता किंवा कमी डीओ.

*बर्फासारखा पांढरा फेस.* सुरुवातीला गाळ कमी असतो म्हणून येतो, गाळ वाढला की जातो. चालत्या प्लांटमध्ये आला तर क्लीनरची टाकी रिकामी केलीय का ते विचारा.

*गंधकाच्या वाफ्यातून दुधट पांढरं पाणी.* बाहेर हवा लागून सल्फाइडचं गंधक बनतंय. घातक नाही, पण सल्फाइड गरजेपेक्षा जास्त निघतंय. प्रवाह थोडा वाढवा. काळे बारीक कण आले तर धातूचं सल्फाइड वाहून येतंय, प्रवाह कमी करा आणि पुढे वाळूचा फिल्टर लावा.

गाळ कुठे जातो

समजा आत येणाऱ्या पाण्यात तांबं फक्त ०.२ मि.ग्रॅ./लि. आहे, मर्यादेच्या आत. दिवसाला १० ग्रॅम. जादा गाळ निघतो साधारण ७ किलो सुका. बहुतेक तांबं त्या गाळाला चिकटतं, म्हणजे किलोला सुमारे १,४०० मि.ग्रॅ. पाणी स्वच्छ दिसतं, गाळ मात्र शेतात टाकण्याच्या लायकीचा राहत नाही. तो धोकादायक कचऱ्यात जातो, आणि वाफ्याचं भरण बदलायची वेळ आली की तेही. ओलं सल्फाइडचं भरण उघड्यावर वाळत घातलं तर हवेने त्याचं ऑक्सिडेशन होऊन ॲसिड सुटतं आणि धातू पुन्हा विरघळतो, म्हणून ते ओलंच, झाकलेल्या डब्यांतून पाठवा.

सुट्टीत

कारखाना दहा दिवस बंद राहणार असेल तर टाकी उपाशी ठेवू नका. दररोज ४-५ किलो मळी आणि ४०० ग्रॅम युरिया, सोबत फॉस्फोरिक ॲसिड ६५ ग्रॅम. ब्लोअर एक तास चालू, दोन तास बंद. गाळ काढणं थांबवा, परतीचा पंप चालू ठेवा. गंधकाच्या वाफ्यावरचं २० सें.मी. पाणी उतरू देऊ नका. कारखाना सुरू झाल्यावर पहिले दोन दिवस अर्धाच प्रवाह घ्या, अमोनिया रोज सकाळी मोजा आणि तो खाली राहिला तरच तिसऱ्या दिवशी पूर्ण व्हॉल्व्ह उघडा.